सगळे चिंचोके कधी पुढे सारावेत?

पत्त्यांवर लेख आणि तोही कॉलेजच्या वार्षिकात, हे पाहून काही गुरुजन हे पान उलटतील याची मला कल्पना आहे. त्यांनी थोडे थांबावे. या लेखात पैशाचा एकही डाव नाही. आहे तो एका निर्णयाचा हिशेब. आपल्याजवळचे सगळे संपत चालले आहे, वाट पाहिली तर हळूहळू संपणार आणि झोकून दिले तर कदाचित एका क्षणात संपणार, अशा वेळी नेमके कधी झोकून द्यावे? अर्थशास्त्राच्या तासाला आपण संभाव्यतेची गणिते करतो ती लाल-पांढऱ्या चेंडूंच्या पिशवीवर. पोकरच्या छोट्या स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात तेच गणित जिवंत होऊन समोर बसते. शिवाय ते सोडवायला तीन तास मिळत नाहीत, फार तर अर्धे मिनिट मिळते.

आमच्या माहुलगावात गणपतीत जागरण असते आणि जागरणाला पत्ते. एका बाजूला खाडी आणि तिवरे, दुसऱ्या बाजूला तेलशुद्धीकरण कारखान्यांचे रात्रभर जळणारे दिवे, आणि मध्ये ओटीवर सतरंजी टाकून बसलेली मंडळी. पूर्वी या सतरंजीवर तीन पत्ती आणि रमी यांचेच राज्य होते. आमच्या पिढीने तिथे पोकर आणले. आठ जण, प्रत्येकाला ३० चिंचोके, म्हणजे एकूण २४०. चिंचोके संपले की तो माणूस उठला. पहिल्याला ५० गुण, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०, बाकीच्यांना शून्य. दहा रात्रींच्या गुणांची बेरीज करायची आणि तळाला राहील त्याने विसर्जनानंतरची सगळी भांडी घासायची. आमच्या घरातली भांडी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे बक्षीस आणि ही शिक्षा किती गंभीर आहे ते सांगावे लागणार नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगून टाकतो. मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे, आणि त्याचे तेरावे कलम निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळते. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पत्तीला मात्र नशिबाच्या रांगेत उभे केले. पोकरबाबत न्यायालयांचे एकमत झालेले नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाचा २०१३ चा निर्णय त्या खेळाला अनुकूल होता, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली त्याला जुगारच म्हटले. चिंचोक्यांवर यातले काहीच लागू होत नाही, म्हणून पुढे जाऊ.

ज्यांनी पोकर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: प्रत्येकाला दोन पाने मिळतात, ती त्याची गुप्त. मग मध्ये सर्वांसाठी तीन पाने उघडतात, नंतर एक, नंतर आणखी एक. आपली दोन आणि मधली पाच यांतून सर्वांत चांगली पाच पाने ज्याची, त्याचा डाव. पाने वाटल्यावर आणि प्रत्येक वेळी मधली पाने उघडल्यावर चाल करता येते किंवा पॅक करता येते. (तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, इथे उलट, कलर सिक्वेन्सला मारतो. या एका मुद्द्यावर आमच्या ओटीवर पहिल्या रात्री दीड तास गेला.) तीन पत्तीत सगळेच बूट टाकतात. पोकरमध्ये दर डावाला दोघेच टाकतात, वाटणाऱ्याच्या शेजारचा छोटी बूट आणि त्याच्या पुढचा मोठी. पुढच्या डावात ही पाळी एक जागा सरकते. पोकरवाले या बुटीला ब्लाइंड म्हणतात, पण आपल्याकडे ब्लाइंड म्हणजे न पाहता खेळणे, म्हणून मी बूटच म्हणतो. स्पर्धेत ही बूट ठरावीक वेळाने वाढत जाते. सगळी गंमत आणि सगळी क्रूरता या वाढीत आहे.

समजा सहा जण उरले आहेत आणि बूट ३ व ६ आहे. म्हणजे सहा डावांच्या एका फेरीत, काहीही न खेळता, तुमच्या ढिगातून ९ चिंचोके जातात. तुमच्याजवळ ४५ आहेत. नुसते बसून राहिलात तर पाच फेऱ्या. पॉल मॅग्रिएल नावाचा गणिताचा प्राध्यापक होता, बॅकगॅमन या सोंगट्या-फाशांच्या खेळातला १९७८ चा जगज्जेता. आपला ढीग भागिले एका फेरीची बूट, या भागाकाराला त्याच्या आडनावावरून ‘एम’ म्हणतात. पुढे डॅन हॅरिंग्टन या १९९५ च्या विश्वविजेत्याने आपल्या पुस्तकातून तो घरोघरी पोचवला आणि त्याला सिग्नलसारखे रंग दिले: २० च्या वर हिरवा, त्याखाली पिवळा, १० खाली नारिंगी, आणि साधारण ५ वर आलात की लाल. लाल रंगात हॅरिंग्टनच्या मते दोनच चाली उरतात, पॅक किंवा सगळे पुढे सारणे. पोकरच्या भाषेत ऑल-इन. मधली, अर्धवट चाल करायला ढिगात जागाच नसते.

आता सगळे पुढे सारायचे, पण कोणत्या पानांवर? इथे तीन पत्तीत वाढलेल्या माणसाची समजूत ठाम असते. आमचे काका गोदीतून निवृत्त झालेले, चाळीस वर्षांचा पत्त्यांचा अनुभव. त्यांचे ब्रीद एकच: “घाई कशाला करतंस रं? पान येऊ दे.” हे ब्रीद तपासून पाहू. चांगले पान म्हणजे काय? दश्शीची किंवा त्यावरची जोडी, एक्का-राजा, एक्का-राणी. बावन्न पानांतून दोन पानांचे १३२६ वेगवेगळे हात होतात आणि त्यांतले असे हात ६२. म्हणजे साधारण एकवीस डावांत एकदा. दोन फेऱ्या, बारा डाव वाट पाहिली तर असा हात एकदाही न येण्याची शक्यता शंभरात ५६ आहे. तेवढ्यात ४५ चे २७ झालेले असतात आणि बहुधा बूटही वाढलेली असते. पान येईलही, पण ते आले तेव्हा लावायला काय उरले असेल?

सगळे पुढे सारणारा माणूस दोन रीतींनी जिंकतो, आणि हेच मला या लेखात मुख्यतः सांगायचे आहे. एक, समोरचे सगळे पॅक करतात आणि मधली बूट त्याला न लढता मिळते. दोन, कोणी तरी पाहतो आणि पाने उघडल्यावर याची सरस निघतात. पाहणाऱ्याला मात्र जिंकायचा एकच मार्ग आहे, दुसरा. म्हणून तेच पान सारणाऱ्याच्या हातात वेगळे आणि पाहणाऱ्याच्या हातात वेगळे असते.

हिशेब करू. तुम्ही वाटणारे आहात, आधीच्या तिघांनी पॅक केले, मागे फक्त छोटी आणि मोठी बूटवाले. त्या दोघांचे ढीग तुमच्यापेक्षा मोठे आहेत, पण दोघेही सावध, पाचांतून एकाच हाताला पाहतील असे. तुमच्या हातात इस्पिकची नव्वी-अठ्ठी. आमच्या काकांनी ही पाने हातात घेऊन ओळखही दाखवली नसती. ४५ पुढे सारले. दोघेही पॅक करतील ते शंभरात ६४ वेळा, दर वेळी ९ चिंचोके, एकूण ५७६. उरलेल्या ३६ वेळा एक जण पाहील (दोघेही पाहतात तो क्वचितचा प्रसंग सोडून देतो), आणि त्याची पाने जवळजवळ नेहमीच तुमच्यापेक्षा चांगली असतील. तरीही नव्वी-अठ्ठी ३६ पैकी १३ वेळा तरी निसटते, कारण मधली पाच पाने कोणाच्या बापाची नसतात. १३ वेळा सुमारे ४९ मिळाले, ते ६३७. २३ वेळा ४५ गेले, ते १०३५. बेरीज-वजाबाकी करा: शंभर डावांत १७८ नफा. जवळजवळ दोन चिंचोके दर डावाला, आणि तेही हरणाऱ्या पानांवर! नफा आला तो पानांतून आलेला नाही, त्या ६४ पॅकांतून आला आहे.

आता तेच दोघे सावध नसून तिनांतून एका हाताला पाहणारे निघाले तर? मग ४४ वेळाच पॅक होतात, ५६ वेळा पाहिले जाते, आणि त्यांची पाने सैल असल्यामुळे तुम्ही थोडे अधिक जिंकूनही हिशेब शंभर डावांत पन्नासेक चिंचोक्यांनी तोट्यात जातो. म्हणून मागे कोण बसले आहे हे पानाइतकेच महत्त्वाचे. पहाटे तीन वाजता, झोप अनावर झालेली असताना, “बघू या रे काय आहे ते” म्हणणारा दूरचा आतेभाऊ मागे असेल तर नव्वी-अठ्ठी निमूटपणे टाकून द्यावी आणि एक्का किंवा जोडी आली की त्याच्यावर सारावे. मागे किती जण आहेत हेही तसेच. दोघांपैकी कोणाकडे तरी चांगला हात असण्याची शक्यता शंभरात ३६, पाच जण मागे असतील तर ६७. पहिल्या जागेवरून नव्वी-अठ्ठी सारणे याला मी तरी धाडस म्हणणार नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे उशीर. ४५ सारले तर मोठ्या बूटवाल्याला आणखी ३९ घालावे लागतात, तेव्हा मधले ५४ मिळण्याची आशा. शंभरात ४२ वेळा तरी जिंकू असे वाटल्याशिवाय तो पाहणार नाही. १८ सारले तर ३१ वेळा पुरे. ९ च उरले आणि ते सारले तर त्याला फक्त ३ घालायचे आहेत, मध्ये १८ पडले आहेत. सातांतून एकदा जिंकला तरी त्याचे भागते, म्हणजे दुर्री-सत्ती घेऊनही तो पाहणार आणि त्याने पाहिलेच पाहिजे. तुमच्या चालीची धास्ती संपली. जिंकायच्या दोन वाटांपैकी एक बुजली.

काकांचे एका रात्री नेमके असेच झाले. ९ वर येईपर्यंत ते थांबले आणि खरोखरच एक्का-राजा आला. मोठ्या बूटवाल्याने पाने न पाहताच पाहिले. काका जिंकले, ओटीवर टाळ्या पडल्या, आणि ९ चे झाले २१. दोन डावांनी बूट ४ व ८ झाली. पुढच्या फेरीत पुन्हा ९. “पान आलं होतं ना पन?” असे ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत म्हणत होते. आले होते, पण तोपर्यंत त्याचे फारसे काही होण्यासारखे नव्हते. त्याच रात्री माझी मामेबहीण ४० च्या आसपास असताना तीन वेळा सगळे सारून तीनदा न लढता बूट उचलून बसली होती. कोणती पाने होती ते तिने अजून सांगितलेले नाही.

आपण मराठी माणसे या प्रश्नाशी अपरिचित नाही. १७६० च्या ऑक्टोबरअखेर अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि पानिपतावर भाऊसाहेबांचा दिल्लीशी संबंध तोडला. त्यानंतरचे अडीच महिने म्हणजे दररोज कापली जाणारी बूट. दाणा-वैरण आणणाऱ्या तुकड्या मारल्या जात होत्या, शत्रूची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात पडले, जनावरे उपाशी मरत होती. छावणीत आशा होती ती मदतीची, म्हणजेच “पान येऊ दे”. अखेर उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू असे ठरले आणि १४ जानेवारी १७६१ ला फौज बाहेर पडली. तो निर्णय त्या दिवशी बरोबरच होता, दुसरा उरलाच नव्हता. पण माझ्या मते तोच निर्णय नोव्हेंबरात, घोड्यांच्या अंगात बळ असताना, वेगळ्या वजनाचा ठरला असता. अब्दालीलाही तेव्हा रसदेची चिंता होती आणि मागे सरण्याचा विचार करावा लागला असता. इतिहासाचे प्राध्यापक या परिच्छेदावर लाल शाई चालवतील, चालवावी. बिनभांडवली सतरंजीची तुलना त्या रक्तपाताशी करण्याचा उद्धटपणा मला करायचा नाही. ‘एम’ घसरत जाणे म्हणजे काय, ते मला मात्र या उदाहरणावरून सर्वांत लवकर समजले.

इथवर वाचून कोणी दर डावाला सगळे सारू लागेल, म्हणून आता उलट बाजू. चौघे उरले, बक्षिसे तीन. गंमत म्हणून चौघांजवळ सारखेच, ६० चिंचोके धरा. शंभर गुणांतले प्रत्येकाच्या वाट्याचे २५. समोरच्याने सगळे सारले आणि तुम्ही पाहिले. हरलात तर शून्य. जिंकलात तर तुमच्याजवळ १२०, बाकी दोघांजवळ ६०-६०. चिंचोके दुप्पट झाले. गुणांची अपेक्षाही दुप्पट, ५० झाली का? नाही. पहिले येण्याची शक्यता निम्मी, म्हणजे २५ गुण. दुसरे येण्याची एक तृतीयांश, ते १० गुण. तिसरे येण्याची एक षष्ठांश, ते सव्वातीन गुण. बेरीज सव्वाअडतीस. २५ घालून सव्वाअडतीस मिळवायचे, तर शंभरात ६५ वेळा जिंकण्याची खात्री हवी. नाणेफेकीसारखी लढत सोडाच, साठ-चाळीसची अनुकूल लढतसुद्धा इथे तोट्याची! गेलेला चिंचोका मिळालेल्या चिंचोक्यापेक्षा महाग असतो, तो असा.

ही आकडेमोड मूळची घोड्यांची आहे. शर्यतीत दुसरा-तिसरा कोण येईल याची शक्यता काढण्याचे सूत्र हार्व्हिल यांनी १९७३ साली मांडले, आणि मेसन मॅल्मथ यांनी १९८७ साली तशीच रीत पोकरच्या ढिगांना लावली. सूत्रात त्रुटी आहेत. कोण चांगला खेळतो, बूट आता कोणावर येणार, हे त्याला कळत नाही. पण दिशा ते बरोबर दाखवते. चौघांत कोणाजवळ सहाच चिंचोके उरले असतील आणि तुमच्याजवळ पन्नास, तर एक्का-राणी घेऊनही दुसऱ्या मोठ्या ढिगाचे आव्हान टाळावे. सहावाला दोन-तीन डावांत आपोआप उठेल आणि तुमचे किमान २० गुण पक्के होतील. ते सहा चिंचोके ज्याचे आहेत त्याला मात्र हा उपदेश लागू नाही. आणि ज्याचा ढीग सर्वांत मोठा आहे त्याची चैन असते: चौथे व्हायला कोणीच तयार नाही हे ओळखून तो जवळजवळ काहीही घेऊन सारू शकतो आणि बाकीचे, शहाणे असतील तर, पॅक करत राहतात. पाहण्यासाठी सारण्यापेक्षा चांगले पान लागते हा डेव्हिड स्क्लान्स्की यांचा जुना नियम. बक्षिसाच्या उंबरठ्यावर तो सर्वांत कडक होतो.

हे सगळे गणित एका अटीवर उभे आहे, ती म्हणजे चिंचोके मोजके आहेत आणि संपले की उठायचे आहे. पैशाच्या डावात ही अट नसते. मोबाइलवर खेळणाऱ्याचा ढीग कधी संपतच नसे. संपला की पुन्हा भरता येई, आधी स्वतःच्या खिशातून, मग घरातल्या कोणाच्या तरी. ‘एम’ काढायचा तर भागाकाराच्या वर काय लिहायचे हेच अशा वेळी ठरत नाही. आमच्या गल्लीत एका घराने हे भोगले आहे, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंद केले. गोव्यात १९७६ च्या जुगार कायद्यात नंतर केलेल्या दुरुस्त्यांमुळे मांडवीतल्या जहाजांवर पोकर परवान्याने चालतो. तिथल्या स्पर्धांत आमच्यासारखाच प्रत्येकाला मोजका ढीग मिळतो, म्हणून हा हिशेब तिथेही लागतो. शेजारच्या टेबलावरच्या रोख डावाला तो तसाच लावायला जाऊ नये.

राहता राहिले शेवटचे दोघे. इथे गोष्टी एकदम सोप्या होतात. ३० गुण दोघांचेही पक्के, भांडण वरच्या २० चे, आणि दुप्पट चिंचोके म्हणजे आता खरोखर दुप्पट संधी. पॅक करत बसण्याचा अर्थ उरत नाही, कारण प्रत्येक डावाला तुमच्यावर एक ना एक बूट येतेच. ज्याचा ढीग लहान आहे त्याच्याजवळ मोठ्या बुटीच्या दहापट किंवा कमी उरले असतील, तर छोटी बूट टाकणाऱ्याने निम्म्याहून अधिक हातांवर सगळे सारावे असे गणित सांगते: कोणताही एक्का, कोणतीही जोडी, बहुतेक सगळे राजे, आणि एका रंगाची लागोपाठची बरीच पाने. समोरच्याने पाहायचे ते मात्र इथेही त्याहून कमी हातांवर. दोघेच उरल्यावर वाटणारा स्वतःच छोटी बूट टाकतो, हे पत्ते पिसण्याआधी सर्वांना सांगून ठेवावे. आमच्याकडे सातव्या रात्री त्यावरून सुरू झालेला वाद सकाळच्या आरतीपर्यंत मिटला नाही आणि त्या रात्रीचे गुण शेवटी दोघांना चाळीस-चाळीस वाटून द्यावे लागले.